हिचा रक्तगट

१४ जानेवारी

मला लिहायची सवय ती फक्त लिफ्टदुरुस्तीच्या नोंदवहीची. तारीख, तक्रार, काय केलं, सही. हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, घरी रोज थोडं लिहीत जा, मन मोकळं होईल. मन मोकळं व्हायला आधी त्यात काहीतरी असावं लागतं. हिला रक्ताचा कॅन्सर आहे हे ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हापासून माझ्या आत सगळं बधिर आहे. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तसं. ते निदान दोन तासांत उतरतं.

आज डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. औषधांनी रोग दबलाय, पण तो उलटणार. दुसऱ्याच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, घालायला हव्यात. हिच्या धाकट्या भावाच्या पेशी पूर्ण जुळल्या.

मी म्हणालो, "पण त्याचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह. हिचा ए पॉझिटिव्ह. माझाही ए पॉझिटिव्ह आहे."

"तुमचा रक्तगट जुळतो, पेशी जुळत नाहीत. त्यांच्या पेशी जुळतात, रक्तगट जुळत नाही. आम्हाला पेशी हव्यात," बाई म्हणाल्या. रक्तगट ही फक्त लाल पेशींच्या अंगावरची खूण. ती वेगळी असली तरी काम होतं, थोडी काळजी जास्त घ्यावी लागते.

"मग हिचा ग्रुप काय राहणार?"

"हळूहळू ओ होईल. नंतर कायमचा ओ."

ही म्हणाली, "म्हणजे तीस वर्षांनी माहेरचं आडनाव परत मिळणार."

बाई हसल्या. मीही हसलो असेन. मग मी विचारलं, ग्रुप वेगळा म्हणून धोका वाढतो का. त्या म्हणाल्या, इतका थोडा की त्यासाठी सख्ख्या जुळणाऱ्या भावाला नाही म्हणणं मूर्खपणा होईल. पाच वर्षांनी निम्म्याहून थोडी जास्त माणसं जिवंत असतात. ग्रुप जुळला असता तरी जवळजवळ तेवढीच असती.

घरी येऊन दिवाणखान्यातल्या घड्याळाचा सेल बदलला. बरेच दिवस राहिला होता.

१९ जानेवारी

लेक जन्मली तेव्हा हिला खूप रक्तस्राव झाला होता. रक्तपेढीत ए पॉझिटिव्ह नव्हतं. मला बाजूच्या खोलीत आडवं केलं, माझं काढलं, तपासलं आणि हिला चढवलं. सासूबाई जिवंत होत्या तोवर चारचौघांत सांगायच्या, "जावयाचं रक्त आहे आमच्या पोरीच्या अंगात. आता भांडायला आम्हाला तोंड नाही." आणि मग यथेच्छ भांडायच्या.

ही शाळेत व्यायाम शिकवते. शिट्टी वाजवली की तिसऱ्या मजल्यावरची मुलंसुद्धा सरळ उभी राहतात. माझ्यासारख्या घुम्याशी हिचं कसं जमलं, असं लोक विचारायचे. ही म्हणायची, "एकाच ग्रुपचे आहोत ना."

हे आज का लिहिलं कोण जाणे.

६ फेब्रुवारी

मेहुण्याला पेशी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली. त्याला मी रेडिओ म्हणतो. फरशीच्या दुकानात विक्रीला आहे, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही. संडासातली फरशी निवडायला आलेल्या माणसाला हा अख्ख्या घराची विकतो. हाडं दुखतात म्हणे, पण आवाज तसाच.

"भावोजी, ताईमध्ये आता माझे गुण येणार. तयार राहा."

मी म्हणालो, "एक बोलणारं माणूस घरात होतंच. आता दोन झाली."

ही खूप हसली. मग दमली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

११ फेब्रुवारी

रेडिओला यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रातून फिरून दुसऱ्या हातात परत. हवं ते यंत्र काढून घेतं. हात हलवायचे नाहीत, त्याच्या नाकाला खाज सुटली, मी खाजवलं. चार तास त्याला मीच पाणी पाजलं. त्याने मला आयुष्यात कधी नव्हे ते "थँक्यू" म्हटलं. पिशवी छोटीशी निघाली, फिकट लाल. मी नर्सला विचारलं, एवढंच? ती म्हणाली, एवढं पुरतं.

१२ फेब्रुवारी

चढवलं. मला वाटलं होतं ऑपरेशनसारखं काहीतरी असेल. साध्या सलाइनसारखं गेलं. काचेच्या पलीकडून मी बघत होतो. हिचं डोकं आता तुळतुळीत, त्यावर लेकीने परदेशातून पाठवलेली निळी टोपी. अंगठा वर करून दाखवला. मीही केला. मग बराच वेळ दोघांनी अंगठे तसेच धरून ठेवले, कारण खाली कोणी आधी घ्यायचा ते ठरेना.

२१ फेब्रुवारी

हिची लघवी लाल झाली. हिमोग्लोबिन धडाधड खाली आलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. भावाच्या पेशींना हिचं जुनं ए रक्त परकं वाटतंय, त्या ते फोडताहेत. हे असं काही जणांत होतं.

"म्हणजे ग्रुपमुळेच," मी म्हणालो.

"हे ग्रुपमुळे, हो. पण हे आठवड्याभराचं आहे. जगण्या-मरण्याचा हिशोब यावर ठरत नाही."

मी हात पुढे केला. म्हणालो, हिला रक्त लागेल, माझं घ्या. त्या म्हणाल्या, "तुमचं आता नाही चालणार. तुमचं दिलं तर तेही फुटेल. यापुढे त्यांना फक्त ओ."

दुसऱ्यांदा विचारलं, ग्रुप जुळणारा दाता असता तर ही जास्त वाचायची शक्यता होती का. नाही म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या, चिडल्या नाहीत.

रेडिओ खालून कँटीनमधून चहा घेऊन आला. साखर दुप्पट. ग्रुपमुळे असं झालंय, हे त्याला सांगितलं. तो स्वतःच्या कपात चमचा फिरवत राहिला. मला वाईट वाटायला हवं होतं. चहा प्यायलो.

२ मार्च

फोडाफोड थांबली. पांढऱ्या पेशी उगवल्या. नर्सनी टाळ्या वाजवल्या. रेडिओने पेढीवर बसलेल्या शेठासारखा सगळ्यांकडून मान घेतला. ही काचेतून म्हणाली, "पास झालो की नाही?" मी हो म्हणालो. लेकीचा फोन आला, ती रडली. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हणालो, ठीक.

८ एप्रिल

घरी आणलं. पडदे काढले, गालिचा काढला, कुंड्या गच्चीवर. सगळं उकळलेलं, झाकलेलं. ही खुर्चीत बसून मला हुकूम सोडते. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण, डाळ किती शिट्ट्यांची, लेकीशी बोलताना फक्त "ठीक" म्हणायचं नाही, काहीतरी विचारायचं. आज तर शेजारणीला बोलावून सांगितलं, "यांना इस्त्रीचं अवघड जातं, अधूनमधून बघत जा." मी म्हणालो, तू आहेस ना बघायला. म्हणाली, "आहेच की. पण मला दमायला होतं."

व्यायामशिक्षिकेची खोड, दुसरं काय. आयुष्यभर रांगा लावल्या, आता घरात मी एकटाच सापडलोय.

३० मे

आज जिन्यावरून एक मजला चढली, स्वतःच्या पायांनी. मी हिच्या मागे हात पसरून उभा होतो, पडलीच तर म्हणून. वर पोचल्यावर म्हणाली, "लिफ्टवाल्याच्या बायकोला जिना चढावा लागतो, काय दिवस आले." हिच्या गालावर थोडा रंग आहे. तो रंग रेडिओच्या रक्ताचा आहे असं मनात येतं. येऊ नये, पण येतं.

२१ जून

दुपारी जेवताना हिला रक्ताची उलटी झाली. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात नेलं. ड्यूटीवरचा डॉक्टर नवा होता, पण चटपटीत. ट्रान्सप्लांट झालंय हे मी त्याला सांगितलं. त्याने लगेच रक्त मागवलं आणि नर्सने मला विचारलं, ग्रुप?

मी म्हणालो, ए पॉझिटिव्ह.

हे मला नक्की आठवतंय. चुकून नव्हे. जीभ घसरली नाही. विचारलं आणि मी सांगितलं.

थोड्या वेळाने रक्तपेढीतली मुलगी स्वतः वर आली. हातात नळ्या. "काका, काहीतरी घोटाळा आहे. पेशी ओ दाखवताहेत आणि पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, ए-सारखा वागतोय. असं रक्त कुणाचंच नसतं. नमुना बदलला असेल, परत घेते."

परत घेतलं. परत तेच. तिने सांगितलं, थांबायला वेळ नाही, ओ रक्त कुणालाही चालतं, मी ओ देते, इथे सही करा. तिने पेन दिलं. मी पेन धरून उभा राहिलो.

"हिचा ए आहे," म्हणालो. "माझाही ए आहे. माझं घ्या. आधीही घेतलं होतं."

"काका, त्यांचं काही मोठं झालंय का? बोन मॅरो वगैरे?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. डॉक्टरला सांगितलं होतं तेच या मुलीला सांगायचं होतं, बस. ओठ हलले नाहीत. ती तिकडे दाराकडे बघत होती, आतून मॉनिटरचा आवाज येत होता. मी दिवसाला वीस जागी सही करतो. ती एक होत नव्हती.

रेडिओ धावत आला, दुकानाचा बिल्ला छातीवर तसाच. त्याने मुलीला विचारलं काय हवंय. मग म्हणाला, "ताईचं ट्रान्सप्लांट झालंय, दाता मी. ओ पॉझिटिव्ह. द्या इकडे." माझ्या हातातून पेन घेऊन त्याने सही केली. माझ्याकडे न बघता कागद मुलीला दिला.

संध्याकाळपर्यंत तीन पिशव्या गेल्या. रक्तस्राव थांबला.

निघताना ती मुलगी मला म्हणाली, आधी सांगितलं असतं तर दोनदा नमुना घ्यावा लागला नसता. बरोबर आहे. मग तिनेच समजावलं की रक्त ओ झालं तरी बाकीचं शरीर ए-चंच राहतं, म्हणून पाण्याच्या भागात ए-विरोधी काही सापडत नाही. हे मी तिच्याकडून दोनदा समजावून घेतलं.

२३ जून

ही उठून बसली. रेडिओ बाहेर फोनवर कुणाला तरी मार्बल आणि ग्रॅनाइटमधला फरक सांगत होता, म्हणजे सगळं जागेवर आलं होतं.

ही म्हणाली, "त्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"ए."

"विसरलात?"

"नाही."

हिने माझा हात स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "अहो, लेकीच्या वेळी तुमचं रक्त दिलं ना, ते चार महिन्यांत संपलं होतं. रक्तातल्या पेशी तेवढेच दिवस जगतात. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं मला."

"मला का नाही सांगितलंस?"

"आई सगळीकडे सांगत फिरायची, तुम्ही ऐकताना कॉलर ताठ करायचात. कशाला उगाच." मग म्हणाली, "ते संपलं तरी मी राहिलेच ना तुमच्याजवळ. सव्वीस वर्षं काय तुमच्या रक्तावर काढली?"

मी म्हणालो, पाणी देऊ का. म्हणाली, द्या.

२६ जुलै

मोठ्या हॉस्पिटलात परत दाखल. आता तक्रार वेगळी. भावाच्या पेशींना हिचं आतडं परकं वाटतंय. ते आवरायला औषध द्यावं लागतं, आणि त्या औषधाने जंतूंना रान मोकळं होतं. इकडे आड तिकडे विहीर. डॉक्टरीणबाई आता माझ्याशी बोलताना खुर्ची जवळ ओढून घेतात.

रोग परत आलेला नाही. ते त्या दर वेळी आधी सांगतात.

१७ ऑगस्ट

सात मजली इमारतीतली लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबत होती. दुरुस्त करून हॉस्पिटलात गेलो. हिने विचारलं, "काय झालं होतं?" मी सगळं सांगितलं, ब्रेकची पट्टी झिजली होती, कशी बदलली, किती वेळा वर-खाली करून पाहिली. हिने लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामाचं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर रेडिओला तसं सांगितलं, तर तो तोंड फिरवून खिडकीपाशी गेला.

५ सप्टेंबर

फुप्फुसात बुरशी. श्वासाला मशीन लावायचं का, डॉक्टरीणबाई विचारत होत्या. ही मानेने नको म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, नको म्हणतेय.

लेक येतेय.

८ सप्टेंबर

ही आज सकाळी गेली. लेक आणि मी जवळ होतो. रेडिओ खाली पार्किंगला जागा शोधत होता.

१० सप्टेंबर

काल डॉक्टरीणबाईंना भेटलो, कागद घ्यायला. तिसऱ्यांदा विचारलं. ग्रुप जुळला असता तर? बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "नाही. पेशी शेवटच्या दिवसापर्यंत शंभर टक्के भावाच्या होत्या आणि चांगलं काम करत होत्या. कॅन्सर परत आला नाही. औषधामुळे प्रतिकार कमी झाला आणि जंतूंनी गाठलं. ग्रुपचा यात हात नाही."

मी आभार मानून उठलो. दारात त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर…" मी म्हणालो, लिहितो ना.

२० सप्टेंबर

लेक परत गेली. जाताना तिला विचारलं, तिकडे थंडी पडली का, खोलीतली नवी मैत्रीण कशी आहे, खोलीला ऊन येतं का. ती माझ्या तोंडाकडेच बघत राहिली. मग गळ्यात पडून रडली. मी पाठीवर थोपटलं. मला रडू आलं नाही.

बाराव्या मजल्यावर दार अडकत होतं. रुळात खिळा होता. काढला.

४ ऑक्टोबर

रविवार. रेडिओ आला. दुपार होती, मी डाळ लावली होती, चार शिट्ट्या. बसला. मी वाट बघत होतो की आता सुरू होईल, पण हा सोफ्याच्या कडेला शाळेत शिक्षा झाल्यासारखा बसून राहिला. वजन उतरलंय. दाढी वाढलेली. वहिनी म्हणजे त्याची बायको गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती की हे जेवत नाहीत, दुकानात जात नाहीत. मला वाटलं होतं, ताईचं दुःख. ते तर असणारच.

कुकर उतरवून मी त्याच्यासमोर बसलो. घरात हिच्याशिवाय आम्ही दोघेच कधी बसलो नव्हतो. मध्ये नेहमी ही असायची, एकाला गप्प कर, दुसऱ्याला बोलतं कर.

तो म्हणाला, "भावोजी, खरं सांगाल?"

"बोल."

"माझा ग्रुप वेगळा होता. माझंच नडलं का ताईला? तुमच्यासारखा ए असता तर…" तो हाताचे तळवे गुडघ्यांवर घासत राहिला. "डॉक्टरांना विचारायची हिंमत नाही झाली. त्या हो म्हणाल्या असत्या तर मी काय करणार होतो?"

मी त्याच्याकडे बघितलं. नाकाची ठेवण हिची. इतक्या वर्षांत मी ती पाहिली नव्हती, कारण तोंड कधी मिटलेलं नसायचं.

"नाही," मी म्हणालो. "ग्रुपचा काही संबंध नाही. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दिवशी विचारलं, मग लघवी लाल झाली तेव्हा, मग ती गेल्यावर. तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. तुझ्या पेशी शेवटपर्यंत उत्तम होत्या. कॅन्सर परत आला नाही तो तुझ्यामुळे."

"तीनदा विचारलंत?"

"हो."

त्याचा चेहरा बदलत गेला. डोळे भरले. उठून माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "मी कधी विचारीन म्हणून विचारून ठेवलंत? मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग आहे."

तिन्ही वेळा मला "हो" ऐकायचं होतं. हे त्याला सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"हो," म्हणालो. "तुझ्यासाठीच विचारून ठेवलं."

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडायला लागला. आणि मग मलाही रडू फुटलं. ऑगस्टपासून, म्हणजे गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून, पहिल्यांदा. आवरेना. त्याला वाटलं मी ताईसाठी रडतोय, तो स्वतःचं विसरून माझीच समजूत घालायला लागला, पाठीवरून हात फिरवत, "असू द्या भावोजी, असू द्या," असं पुन्हा पुन्हा म्हणत. मी हिच्यासाठीही रडत होतो. पण त्याने हात फिरवायचा थांबवला असता तर बरं झालं असतं.